सुरकुत्यांवरच्या क्रीममधले नेमके काय कामाला येते?

शेवंती

गेल्या महिन्यात आईला आंघोळ घालताना एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. आईचे वय ७८. हाताच्या पाठीवरची त्वचा कागदासारखी पातळ झाली आहे, जागोजागी तपकिरी डाग आहेत, चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी राहते. त्याच हाताचा दंड आतल्या बाजूने पाहिला तर मऊ, एकसारख्या रंगाचा, थोड्या बारीक चुण्या सोडल्या तर स्वच्छ. दोन्हींमध्ये हातभराचेही अंतर नाही आणि दोन्हींचे वय ७८च. मग "वय झाले म्हणून सुरकुत्या पडल्या" असे आपण म्हणतो, ते कितपत खरे?

माझे वय ४९. कपाटात सहा बाटल्या आहेत: व्हिटॅमिन सीचे सीरम, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, पेप्टाइडचे क्रीम, कोलॅजनचे क्रीम, रेटिनॉल आणि सनस्क्रीन. पहिल्या चार मी न चुकता लावत आले. सनस्क्रीन मात्र लांबच्या प्रवासाला निघाले तरच.

तीन आठवडे मिळेल ते वाचले आणि आता वाटते की मी अगदी उलटे करत होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये नॅम्बोर नावाचे गाव आहे. तिथे १९९२ ते १९९६ या काळात मूळची त्वचेच्या कर्करोगासाठी एक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे गट पाडले. एका गटाने सनस्क्रीन रोज लावायचे, दुसऱ्याने स्वतःला वाटेल तेव्हा. त्यांतल्या ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हाताच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी घेतले. २०१३ साली निष्कर्ष छापून आला: रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत त्या काळात म्हातारपणाची वाढ मोजण्याइतकी दिसली नाही, दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्वचा आणखी म्हातारी होण्याची शक्यता २४ टक्क्यांनी कमी होती. त्याच लोकांतल्या काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा असा काही फायदा दिसला नाही.

हाताची पाठ! आईच्या हाताचीच ती जागा.

माझे म्हणणे असे: सहापैकी सनस्क्रीन आणि रेटिनॉल एवढ्याच दोन बाटल्या वयाशी संबंधित काम करतात, बाकीच्या चार ओलावा देतात. या विषयातल्या जाणकारांनी हे तपासून बघावे. चुकत असेल तर दुरुस्त करा.

रानवारा

शेवंतीताई, दंडाचे निरीक्षण वाचून मी उठून आरशासमोर गेलो. मी २२ वर्षे गाडी चालवतो. खिडकीकडच्या बाजूचा गाल आणि कानशील दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट जाड आणि सुरकुतलेले आहे. आजवर कधी नीट पाहिलेच नव्हते. काच बंद असते, मग ऊन लागतेच कसे?

दीपमाळ

रानवारा, काच ऊन अडवते ते अर्धेच. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण साध्या काचेतून फारसे येत नाहीत, म्हणून गाडीत बसून त्वचा लाल होत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. यूव्हीए किरण मात्र काचेतून आत येतात आणि त्वचेत जास्त खोल जातात. अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला होता. चेहऱ्याची डावी, म्हणजे खिडकीकडची, बाजू उजवीपेक्षा वीसएक वर्षांनी मोठी वाटावी इतका फरक होता. आमच्या वर्गात तो फोटो लावला की कुजबुज थांबते.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. शेवंती, तुमचा सनस्क्रीनचा मुद्दा सोळा आणे खरा आहे. त्यात एक भर घालते. ऊन लागून त्वचा लाल होण्याच्या कितीतरी आधी, अगदी थोड्या मात्रेतसुद्धा, त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन नावाचे प्रथिन तोडणारी विकरे (एन्झाइम) वाढतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे १९९६ मध्ये दाखवले. त्यामुळे "मी कुठे उन्हात असते" हे उत्तर चालत नाही. खिडकीशेजारी बसणे, चालत जाणे, गच्चीवर उभे राहणे, सगळे त्यात येते.

आणि प्रमाण! एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन भाजणाऱ्या उन्हापासून किती वाचवते त्याचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने काढतात. आपण त्याच्या निम्मेही लावत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत दोन पट्ट्या काढा, तेवढे चेहरा आणि गळ्याला लागते. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवते, ५० सुमारे ९८ टक्के. त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा पुरेसे लावा आणि यूव्हीए संरक्षण लिहिलेले घ्या. सावळ्या किंवा गव्हाळ रंगाच्या, वांग असलेल्या स्त्रियांना मी आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन सांगते, कारण त्यांच्या त्वचेत दिसणारा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो आणि साधे सनस्क्रीन तो अडवत नाही.

रेटिनॉलवर रात्री लिहिते. ओपीडी आहे.

खलबत्ता

मी १८ वर्षे क्रीम आणि लोशन बनवण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. शेवंतीताईंच्या "बाकीच्या चार ओलावा देतात" या वाक्यावर लिहायचे आहे, कारण ते जवळजवळ बरोबर आहे, पण ओलाव्याला तुम्ही फार हलके लेखलेत.

कुठल्याही क्रीमचा ७० ते ९० टक्के भाग म्हणजे बेस: पाणी, तेले, ग्लिसरीन, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे घटक. बाटलीवर ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते तो घटक त्यात चिमूटभर. कोरड्या त्वचेवरच्या बारीक रेघांना नुसता बेस लावला तरी वरचा थर पाणी पिऊन फुगतो, रेघा भरतात, प्रकाश नीट परावर्तित होतो आणि चेहरा ताजा दिसतो. अर्ध्या तासात! हे खोटे नाही. पण ते संध्याकाळी उतरते आणि त्याचे श्रेय चिमूटभर घटकाला दिले जाते.

म्हणून "आमच्या क्रीमने सुरकुत्या कमी झाल्या" असे कोणी म्हटले की मी एकच विचारतो: कशाच्या तुलनेत? आधीच्या चेहऱ्याच्या तुलनेत की त्याच कोऱ्या बेसच्या तुलनेत?

याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण मँचेस्टर विद्यापीठातले आहे. २००९ मध्ये दुकानात मिळणाऱ्या एका सीरमची ६० जणांवर चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी सीरमच्या गटातल्या ४३ टक्के लोकांच्या सुरकुत्या सुधारल्या, कोऱ्या बेसच्या गटातल्या २२ टक्के लोकांच्या. बातम्यांत ४३ गाजला. मला २२ महत्त्वाचा वाटतो: ज्यात काहीच नाही त्यानेही पाचातल्या एकाला फरक पडला! आणि हिशेबातली खोच वेगळीच होती. सीरमचा गट स्वतःच्या आधीच्या स्थितीपेक्षा लक्षणीय सुधारला, बेसचा गट तितका नाही, म्हणून सीरम चांगले, असा निष्कर्ष काढला होता. यॉर्क विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड यांनी दाखवून दिले की असे दोन वेगळे हिशेब करून गटांची तुलना होत नाही. तुलना गटाशी गटाचीच करावी लागते आणि ती केली तर सहा महिन्यांचा फरक योगायोगाने पडला नसेल असे खात्रीने म्हणता येत नाही. हे संशोधक प्रामाणिकच होते. त्यांनी कोरा बेस ठेवला, आकडे छापले, म्हणून तर चूक सापडली. बहुतेक क्रीमच्या बाबतीत बेसशी तुलना केलेलीच नसते.

आता तुमच्या बाटल्या. कोलॅजनचा रेणू सुमारे ३,००,००० डाल्टनचा असतो (डाल्टन म्हणजे रेणूचे वजन मोजायचे एकक). न फाटलेल्या, धडधाकट त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू आत जात नाहीत, असा आमच्या क्षेत्रातला ठोकताळा आहे. त्यामुळे क्रीममधले कोलॅजन वरच राहते आणि ओलावा धरते. ते तुमच्या कोलॅजनमध्ये जमा होत नाही. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे रेणू तर कधी दहा लाख डाल्टनच्या पुढचे असतात. तेही वर पाणी धरून ठेवते. चांगले मॉइश्चरायझर म्हणून वापरा, वय मागे नेईल म्हणून नको.

मोरपीस

खलबत्ता, पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, तर लहान असतात ना? आणि व्हिटॅमिन सीबद्दल सगळेच चांगले बोलतात. माझ्या बाटलीतले सीरम सुरुवातीला पाण्यासारखे होते, आता काळ्या चहासारखे झाले आहे. लावले की उशीच्या अभ्र्याला पिवळे डाग पडतात. अजून वापरू का?

खलबत्ता

मोरपीस, टाकून द्या. तो रंग म्हणजे व्हिटॅमिन सी, अर्थात अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड हवेने संपल्याची खूण आहे. मुळात हा घटक सांभाळायला फार अवघड. तो त्वचेत शिरायला सीरमचा सामू (पीएच) ३.५ च्या खाली लागतो, म्हणून तो चुरचुरतो. २० टक्क्यांच्या वर नेऊन जास्त शोषला जात नाही. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड घातले तर टिकतो आणि उन्हापासूनचे संरक्षणही वाढते, पण ते प्रयोग डुकराच्या त्वचेवरचे होते. माणसांवरच्या चाचण्या आहेत, छोट्या आहेत. माझे मत: ताजे, गडद बाटलीतले, नीट बनवलेले असेल तर डागांवर आणि कांतीवर थोडा उपयोग होतो. सनस्क्रीनच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

पेप्टाइडवर एक बरी चाचणी आहे. पामिटॉइल पेंटापेप्टाइड, ९३ स्त्रिया, अर्ध्या चेहऱ्यावर पेप्टाइडचे क्रीम आणि अर्ध्यावर कोरे, १२ आठवडे. फरक दिसला, बारीक होता. नायसिनमाइडचेही (हे व्हिटॅमिन बी३ चे एक रूप) तसेच: ५ टक्के, ५० स्त्रिया, अर्धा-अर्धा चेहरा, १२ आठवडे. बारीक रेघा, डाग, पिवळेपणा यांत सुधारणा झाली. दोन्ही चाचण्या उत्पादक कंपनीच्याच संशोधकांनी केलेल्या, हे लक्षात ठेवूनही मी नायसिनमाइडला चांगले म्हणेन. स्वस्तात बनते, बाटलीत बिघडत नाही, त्वचेला सोसते. म्हणजे शेवंतीताई, तुमच्या दोनच्या यादीत मी हा एक घालतो, खालच्या पायरीवर.

दीपमाळ

आता रेटिनॉइड. यांचे सगळे कूळ व्हिटॅमिन ए चे. ट्रेटिनॉइन म्हणजे रेटिनोइक अ‍ॅसिड, ते पेशीवर थेट काम करते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध आहे. रेटिनॉलला त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनोइक अ‍ॅसिड व्हावे लागते. प्रत्येक पायरीवर गळती होते. रेटिनिल पामिटेट आणखी एक पायरी मागे. क्रीमवर "व्हिटॅमिन ए" लिहिलेले असते तेव्हा बऱ्याचदा हे शेवटचे असते आणि त्याच्या भरवशावर राहू नये.

ट्रेटिनॉइन आधी मुरुमांसाठी आले. लावणाऱ्या मोठ्या वयाच्या रुग्णांची त्वचा नितळ होते असे दिसत गेले. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठात ३० जणांवर १६ आठवडे चाचणी झाली: एका हाताला ट्रेटिनॉइन, दुसऱ्याला कोरे क्रीम, कोणत्या हाताला काय ते ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. औषधाची बाजू स्पष्ट सुधारली. खलबत्ता यांचा "कशाच्या तुलनेत" हा प्रश्न इथे विचारून बघा, उत्तर मिळते. १९९३ मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी त्वचेचे तुकडे तपासले. १० ते १२ महिन्यांनी औषध लावलेल्या त्वचेत कोलॅजन तयार होण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी वाढले होते, कोऱ्या क्रीमखाली ते १४ टक्क्यांनी घटले होते. १९९५ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनला मान्यता दिली.

शेवंती, तुमच्या आईच्या दंडाशी थेट जोडलेली एक चाचणी आहे, २००७ ची. ३६ वृद्ध, सरासरी वय ८७. दंडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे ऊन न लागलेल्या त्वचेवर, एका हाताला ०.४ टक्के रेटिनॉल आणि दुसऱ्याला कोरे लोशन, २४ आठवडे. तिथल्या बारीक चुण्याही कमी झाल्या. म्हणजे उन्हाने झालेले आणि निव्वळ वयाने झालेले, दोन्हींवर हा घटक काही प्रमाणात काम करतो, वयाच्या ८७ व्या वर्षीसुद्धा.

पण १९८८ च्या चाचणीतल्या ९२ टक्के लोकांची त्वचा भगभगली, सोलली. हा भाग जाहिरातीत येत नाही.

मोरपीस

हे मी भोगले आहे. तीन वर्षांपूर्वी रोज रात्री रेटिनॉल लावायला लागले, त्यावर त्वचेची साल काढणारे ग्लायकोलिक अ‍ॅसिडही. दहाव्या दिवशी नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे लाल झाले, साल निघायला लागली, हसले की भेग पडायची. कपाळावर साधे पाणी लागले तरी आग. मला वाटले, काम करते आहे म्हणून जळते आहे, आणि आणखी आठवडाभर रेटले. मग सगळेच बंद केले. त्यानंतर बाकुचिऑल घेतले. ते रेटिनॉलइतकेच चांगले म्हणतात ते खरे का?

दीपमाळ

मोरपीस, जळणे म्हणजे काम करणे नव्हे. हे वाक्य मी रोज दोन-तीनदा म्हणते. १९९५ मधल्या एका चाचणीत ०.१ आणि ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइनची तुलना ४८ आठवडे केली. सुधारणा सारखीच झाली, त्रास मात्र कमी ताकदीत पुष्कळ कमी. त्यामुळे आठवड्यातून दोन रात्री, पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे, कोरड्या त्वचेवर. आधी मॉइश्चरायझर लावले तरी चालते. नाकाच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना थोडे व्हॅसलिन लावून मगच. दोन-तीन आठवडे सोसले तर एक रात्र वाढवा. ग्लायकोलिक अ‍ॅसिड त्या रात्री नाही. ग्लायकोलिक लावणाऱ्यांची त्वचा उन्हाला हळवी होते आणि बंद केल्यावरही आठवडाभर तशीच राहते. फरक दिसायला किमान तीन महिने, बऱ्याचदा सहा. गरोदर असाल किंवा प्रयत्न करत असाल तर रेटिनॉइड अजिबात नको.

बाकुचिऑल बावची या वनस्पतीतून काढतात. ४४ जणांवर १२ आठवड्यांची एक चाचणी झाली: ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा, विरुद्ध ०.५ टक्के रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हींकडे सारखेच कमी झाले, सोलणे रेटिनॉलने जास्त. आशा वाटावी असे आहे, पण त्यात कोऱ्या क्रीमचा गट नव्हता. तुमच्यासारख्या हळव्या त्वचेला मी नाही म्हणणार नाही. फक्त बावचीचे तेल घरी आणून चेहऱ्याला लावू नका. त्यात सोरालेन असतात आणि त्यांनी उन्हात त्वचा भाजते.

ओसरी

मी ६६ वर्षांची. इथे ट्रेटिनॉइनचे कौतुक चालले आहे म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. या औषधाचे जनक मानले जाणारे अल्बर्ट क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि कशाला होकार देतो आहोत हे त्यांना नीट समजावून सांगितलेले नव्हते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२१ मध्ये माफी मागितली. आपल्या गालावरची रेघ पुसणाऱ्या मलमाआधी कोणाच्या तरी पाठीवर चौकोन आखून काय काय लावले गेले, हे मला विसरता येत नाही.

दुसरे असे की सुरकुत्या हा आजार नाही. माझ्या डोळ्यांच्या कडांना पडलेल्या रेघा माझ्या आहेत. सनस्क्रीन मी लावते, कर्करोगाच्या भीतीने. बाकी काही नाही.

दीपमाळ

ओसरीताई, हे लिहिलेत ते फार बरे केलेत. आम्हाला शिकवताना तो इतिहास कोणी सांगितला नाही, मी तो पुढे स्वतः वाचला. आता विद्यार्थ्यांना ट्रेटिनॉइन शिकवते तेव्हा होम्सबर्गपासूनच सुरुवात करते.

सुरकुत्या आजार नाही, हेही खरे. काही उपचार घ्यायचा नाही हे उत्तर मी पूर्ण मानते. ज्यांना काही घ्यायचेच आहे त्यांनी निदान फसू नये, एवढ्यासाठी मी लिहिते.

रानवारा

आणि कोलॅजनची पावडर? घरात एक मोठा डबा येऊन पडला आहे.

खलबत्ता

कोलॅजन पोटात गेले की पचते, त्याचे छोटे तुकडे होतात. काही चाचण्यांत त्वचेचा ओलावा आणि लवचीकपणा वाढलेला दिसतो खरा. पण २०२५ मध्ये २३ चाचण्या आणि १,४७४ लोकांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या चाचण्या मिळून फायदा दिसला, आणि कंपन्यांच्या पैशाविना झालेल्या वेगळ्या काढल्या तर तो नाहीसा झाला. आमच्या धंद्याबद्दल हे मला मन घट्ट करून लिहावे लागते.

बाटलीवरची भाषाही वाचा. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यापासून सौंदर्यप्रसाधनाला फक्त दिसण्यात बदल करता येतो. शरीराच्या रचनेत बदल करते असे म्हटले की ते औषध ठरते आणि औषधाचे पुरावे द्यावे लागतात. म्हणून "सुरकुत्या कमी करते" असे न लिहिता "सुरकुत्या कमी दिसतात" असे लिहिलेले असते. "कॉस्मेस्युटिकल" या शब्दाला त्या कायद्यात काही अर्थ नाही. २०१४ मध्ये लॉरियालला तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली, कारण जनुकांवर परिणाम करून त्वचा तरुण होते असा दावा जाहिरातीत होता आणि त्याला आधार नव्हता.

दीपमाळ

रानवारा, डब्यापेक्षा सिगारेट ओढत असाल तर ती सोडा. ओहायोतल्या जुळ्यांच्या मेळ्यात ७९ जोड्यांचे चेहरे तपासले होते. ओढणारा आणि न ओढणारा, किंवा जास्त वर्षे आणि कमी वर्षे ओढणारा, अशा जोड्यांत डोळ्यांखालच्या पिशव्या, वरच्या ओठावरच्या रेघा, गालाच्या घड्या यांत फरक दिसत होता. जनुके तीच, चेहरा वेगळा.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरीताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

कोलॅजनचे क्रीम आता पायांच्या टाचांना लावते. सीरम काळे झालेलेच होते, टाकले. सनस्क्रीन दाराजवळच्या फळीवर किल्ल्यांशेजारी ठेवले आहे. गेले नऊ दिवस चुकलेले नाही. रेटिनॉल मंगळवारी आणि शनिवारी.

दीपमाळ, एकच शेवटचे. आईच्या हाताच्या पाठीला रेटिनॉल लावू का? तिची त्वचा टेबलाच्या कडेला लागली तरी फाटते आणि जांभळे डाग पडतात.

दीपमाळ

नको. ज्या त्वचेला धक्का लागून फाटायची सवय झाली आहे तिला आधी सोलणारे काही नको. साधे, वासाचे नसलेले, घट्ट क्रीम दिवसातून दोनदा, आणि आंघोळीनंतर अंग दमट असतानाच, चोळायचे नाही, केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवायचा. लांब बाह्यांचा सुती सदरा घालू द्या, टेबलाच्या कडांना कापड गुंडाळा. आई रक्त पातळ करणारी गोळी किंवा स्टिरॉइड घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना हे जांभळे डाग दाखवा. सकाळी अंगणात बसत असतील तर हाताच्या पाठीलाही तुमच्याच बाटलीतले सनस्क्रीन लावा.